मुलांना निसर्गाची गोडी लावताना नेमकं काय केलं की जमतं?

'मुलांना बाहेर न्या' हे सगळेच सांगतात. नेऊन करायचं काय, आणि बिघडतं कुठे, ते तपशिलात लिहा.

*

सुरवंट पाळणं सगळ्यात खात्रीचं. ज्या झाडावर सापडला त्याच झाडाची ताजी पानं रोज द्यायची; परकं पान समोर असूनही बहुतेक सुरवंट उपाशी मरतात. रुंद तोंडाची बरणी, तळाला कागद, वर जाळीदार फडकं. कागद रोज बदला. लेंड्यांना ओल धरली की बुरशी येते आणि अळी दगावते. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवत असाल तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी देठावरून उतरते आणि बुडते.

कोषाला हात लावायचा नाही. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख ओले, मुडपलेले असतात. काडीला लटकून ते खाली सोडायला मोकळी जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत. आणि हो, केसाळ सुरवंट नकोतच. केसांनी अंगावर पुरळ उठतं.

*

याला जोड भिंगाची. मुलं भिंग पानावर धरून लांबून बघतात, नीट दिसत नाही म्हणून ठेवून देतात. दहापटीचं भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि पान भिंगाकडे आणायचं. साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्पष्ट होतं. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा.

*

डबक्यातले जीव बघायला पांढरा पसरट ट्रे, त्यात त्याच डबक्याचं दोन बोटं पाणी, आणि एक गाळणं. गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. हालचाल त्यानंतरच दिसते. ट्रे सावलीत ठेवा, पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. बघून झालं की सगळं जिथलं तिथे सोडायचं. मूल कायम हाताच्या अंतरावर हवं, पाणी गुडघाभर असलं तरी.

*

नाव सांगायची घाई मोठ्यांना असते. नाव कळलं की मूल पुढे जातं. आधी पाय मोजायला लावा. सहा असले तर बहुधा कीटक, आठ असले तर कोळ्याच्या गोतावळ्यातलं. अळीचे जास्त भरतात, तिथे मुलं अडतात: पुढचे सहा टोकदार पाय खरे, मागचे मांसल, नुसते पकड घेण्यापुरते.