दूर राहणाऱ्या वैमानिकाने आधी बेस बघावा, पगार नंतर

उजवीखुर्ची

माझं मत आधीच मांडतो, खोडायला सोपं जाईल. ज्या वैमानिकाला घर हलवता येत नाही त्याने कंपनी निवडताना सगळ्यात आधी बेस, म्हणजे जिथून त्याची ड्युटी सुरू होते तो विमानतळ, बघावा. पगार, विमानाचा आकार, कंपनीचं नाव, हे सगळं त्यानंतर.

मला दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. पहिली कंपनी मोठी, लांब पल्ल्याची विमानं, पगार जवळपास दीडपट. पण बेसला पोचायचं तर घरापासून दोन विमानं. दुसरी लहान, एकाच प्रकारची विमानं, पण बेसपर्यंत थेट विमान, दिवसाला ६-७ फेऱ्या, आणि अगदीच अडलं तर गाडीने ५ तास. वडिलांचं डायलिसिस सुरू आहे, मुलीची शाळेची शेवटची वर्षं आहेत. घर हलणार नाही.

गेली ३ वर्षं मी दोन विमानं बदलूनच ड्युटीला जातोय. लोक म्हणतात, वैमानिकाला काय, प्रवास फुकट. फुकट मिळते ती उरलेली सीट, नाहीतर कॉकपिटमधली जंपसीट म्हणजे जादा खुर्ची, तीही त्या विमानाच्या कॅप्टनने होकार दिला तर. पहिलं विमान भरून गेलं की दुसरं हुकलंच. म्हणून सकाळी ६ च्या ड्युटीसाठी मी आदल्या दिवशी दुपारी घर सोडतो. ४ दिवसांच्या कामाच्या फेरीला साडेपाच दिवस जातात. महिन्याला अशा ४ फेऱ्या, म्हणजे ६ दिवस घरच्या सुट्टीतून गेले. कंपनीने कुठे प्रवासी म्हणून बसवून पाठवलं तर तो वेळ ड्युटीत धरतात. घर ते बेस मात्र माझ्या विश्रांतीतून जातं. दीडपट पगाराचा हिशोब करताना हे दिवस वजा करा आणि मग सांगा.

डावीखुर्ची

पूर्ण असहमत. बेस तुमच्या हातात नसतो. मी एका कंपनीत केवळ बेस घरापासून ४० मिनिटांवर म्हणून गेलो. चौथ्या वर्षी तो बेस बंद केला आणि मी घरून दुसऱ्या बेसला ९ वर्षं ये-जा केली.

तुमच्या हातात राहतो तो सीनिऑरिटीचा क्रमांक. कोणतं विमान, कोणता बेस, कोणतं रोस्टर (कामाचं वेळापत्रक), सुट्टी कधी, सगळं त्याच्यावर ठरतं, आणि कंपनी बदलली की १५ वर्षांचा कॅप्टनसुद्धा यादीच्या तळाशी जातो. त्यामुळे प्रश्न असा विचारा: पुढच्या १० वर्षांत तिथले किती वैमानिक ६५ चे होऊन निवृत्त होणार आणि नवी किती विमानं येणार? जिथे क्रमांक भराभर वर सरकतो तिथे चौथ्या-पाचव्या वर्षी मनासारख्या फेऱ्या मिळू लागतात.

आणि मोजायचं असेल तर अंतर मोजू नका, महिन्यात किती वेळा जायचं ते मोजा. लांब पल्ल्याच्या विमानावर ३ मोठ्या फेऱ्यांत महिना भरतो.

उजवीखुर्ची

३ फेऱ्या दोन विमानांनी म्हणजे जाऊन-येऊन १२ विमानं. ४ फेऱ्या थेट विमानाने म्हणजे ८. त्यात त्या ८ पैकी एखादं हुकलं तर दोन तासांत पुढचं असतं. पहिल्या कंपनीच्या मार्गावर शेवटचं विमान संध्याकाळी ७ ला जातं आणि नंतर काहीच नाही.

राखीव

तुम्ही दोघंही रोस्टर हातात आल्यानंतरचं बोलताय. नवा माणूस आधी रिझर्व्हवर बसतो, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या नाहीत, बोलावलं की जायचं, आणि दूर राहणाऱ्याचे खरे हाल तिथे होतात.

शॉर्ट कॉल असेल तर फोन आल्यापासून दोन-तीन तासांत हजर. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीबद्दलच्या अमेरिकेच्या पार्ट ११७ नियमात असा उपलब्धतेचा पट्टा १४ तासांपर्यंत लांबू शकतो. दोन विमानं लांब बसून हे जमणारच नाही. मग विमानतळाजवळच्या क्रॅशपॅडमध्ये, म्हणजे वैमानिकांच्या सामायिक खोलीत, खाट भाड्याने घ्यायची आणि फोनची वाट बघायची. मी १९ महिने घेतली. त्यातले कित्येक दिवस फोन आलाच नाही. घरी नव्हतो आणि विमानातही नव्हतो. लाँग कॉलला साधारण १२ तासांची किंवा जास्त सूचना असते, तेव्हा घरी राहता येतं. म्हणून दोन्ही कंपन्यांना हे विचारा: रिझर्व्ह किती महिने, आणि त्यात लाँग कॉल किती?

दुसरं, कम्यूटर क्लॉज, म्हणजे दूरून येणाऱ्या वैमानिकांसाठीचं करारातलं कलम, शब्दशः वाचा. बहुतेक ठिकाणी असं असतं की वेळेत पोचवणाऱ्या दोन विमानांचा प्रयत्न केला आणि दोन्ही हुकली तर शिस्तभंग धरत नाहीत. पण निघताना त्या विमानांत जागा दिसायला हवी होती का? जंपसीट धरतात का? वर्षातून किती वेळा? आणि शिक्षा टळली तरी त्या फेरीचे पैसे मिळतीलच असं नाही. भरती करणारा माणूस तोंडी जे सांगतो ते करारात सापडेपर्यंत धरू नका.

तिसरा रस्ताही आहे. नेटजेट्ससारख्या खासगी जेट चालवणाऱ्यांत आणि काही मालवाहू कंपन्यांत वैमानिकाला घराजवळच्या विमानतळावरून कंपनीच तिकीट काढून नेते.

पहाटवारा

सगळे पैसे आणि दिवस मोजताहेत. झोपेचं कोणी बोलेल का? १२ फेब्रुवारी २००९, अमेरिकेत कोल्गन एअरचं ३४०७ क्रमांकाचं विमान नूअर्कहून बफेलोला जाताना कोसळलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा १, एकूण ५० माणसं गेली. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, रात्रभर मालवाहू विमानांनी सिअ‍ॅटलहून नूअर्कला आली होती. दोन विमानांची निवड करणाऱ्याने हे एकदा नीट वाचावं.

डावीखुर्ची

वाचताना पूर्ण वाचावं. एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, संभाव्य कारण म्हणून स्टिक शेकर (वेग फार कमी झाल्याचा इशारा देत दांडा थरथरवणारी यंत्रणा) सुरू झाल्यावर कॅप्टनने दिलेली चुकीची प्रतिक्रिया नोंदवली. थकव्यामुळे दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा असं म्हटलं, पण किती ते ठरवता आलं नाही. सगळा दोष दूर राहण्यावर टाकू नका. बेसपासून दहा मिनिटांवर राहून रात्रभर तान्ह्या बाळाबरोबर जागलेला वैमानिकही थकलेलाच असतो.

पहाटवारा

मान्य, एकटं ते कारण नव्हतं. पण त्यानंतर २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजच्या समितीने याच विषयावर अहवाल दिला. त्यांनीही अंतरावर बंदी घाला असं म्हटलं नाही. त्यांचा सल्ला असा की ड्युटी संपेपर्यंत जागेपण साधारण १६ तासांच्या पुढे जाईल असा प्रवास आखू नका, आणि हजर होण्याआधी निदान ६ तास झोप घ्या. युरोपच्या नियमांबरोबरचं मार्गदर्शन तर सांगतं की घर ते बेस नेहमीच ९० मिनिटांहून जास्त लागत असेल तर जवळ तात्पुरती राहायची सोय करण्याचा विचार करा.

हे १६ तास धरून आता दोन विमानांचा प्रवास आखा. आदल्या रात्री बेसजवळ झोपल्याशिवाय तो बसत नाही. म्हणजे खोलीचं भाडं पहिल्या कंपनीच्या पगारातून आधीच वजा करा. मी स्वतः एकदा तशी झोप न घेता ड्युटीला उभा राहिलो, तंदुरुस्त आहे असं सही करून दिलं, आणि उतरताना उंचीचा आकडा दोनदा चुकीचा वाचला. डावीकडच्या कॅप्टनने सांभाळलं. त्यानंतर प्रवासाचा दिवस कितीही महाग पडला तरी वेगळाच ठेवतो.

घरचीबाजू

नवरा वैमानिक आहे, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे बेस किती लांब ते बघताय. आमच्या घराला अंतराने एवढं छळलं नाही जेवढं रोस्टरने. आधीच्या कंपनीत बेस जवळ होता, पण आज रात्री उद्याचं बदलायचं. सासऱ्यांच्या दवाखान्याच्या तारखा मी एकटीने सांभाळल्या. आता बेस लांब आहे पण काम आणि सुट्टी ठरलेल्या चक्रात येते, रायनएअरच्या वैमानिकांना असतं ना ५ दिवस काम, ४ दिवस सुट्टी, तसं काहीसं. मी तीन महिने पुढच्या तारखा घेऊ शकते. तुमच्या वडिलांचं डायलिसिस ठरलेल्या वारी असणार. त्या वारी तुम्ही घरी आहात की नाही, हे दोन्हींपैकी कोणती कंपनी आधी सांगते?

उजवीखुर्ची

हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. वडिलांचं मंगळवार, गुरुवार, शनिवार असतं.

बेस आधी हे माझं मत कायम आहे, पण 'सगळ्यात आधी' हे शब्द मागे घेतो. रोस्टर किती दिवस आधी लागतं आणि लागल्यावर किती बदलतं, हे त्याच्या बरोबरीने धरतो. दुसऱ्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी लागलेला एक ओळखीचा आहे. त्याच्याकडे गेल्या वर्षाची रोस्टरं मागितली आहेत, लागली तशी आणि प्रत्यक्ष उडाली तशी, दोन्ही. त्याच्या रिझर्व्हचे महिनेही विचारतो.

डावीखुर्ची

मी अजूनही पहिलीच म्हणेन, आणि १० वर्षांनी तुम्हालाही तसं वाटेल अशी मला खात्री आहे. पण दुसरी घेणारच असाल तर त्या ६-७ फेऱ्या कोणत्या मोसमाच्या मोजल्यात ते बघा. गर्दीचे महिने सरले की वेळापत्रक उतरतं. त्या दिवसांत ३ राहत असतील तर तुमचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.