मांजराचं पिल्लू भरपूर खातंय पण अंगी लागत नाहीये, काय करू?

तळमजला_पार्ले

आधी आकडे देते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल. वजन ६२० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पातेल्यात बसवून, पातेलं वजा करून. दुधाचे दात सगळे आलेले दिसतात, पुढचे अजून एकही पडलेले नाहीत. डोळ्यांचा निळा रंग गेलाय. यावरून जवळच्या मेडिकलवाल्याने 'दोन-अडीच महिन्यांचं असेल' असं सांगितलं. तो माणसांची औषधं विकतो, पण त्याच्या घरी चार मांजरं आहेत.

पावसात आमच्या मीटरबॉक्सखाली सापडलं. तीन रंगांचं आहे. आई बरीच वाट बघूनही आली नाही, म्हणून घरात घेतलं. आता अडचण अशी की खायला राक्षस आहे, पण हात फिरवला की मणका न मणका मोजता येतो. मागचे पाय काड्या. पोट मात्र टम्म, आणि खाल्ल्यावर तर बाजूंनी बाहेर येतं. शी पातळ, पिवळसर, घाण वास. नाक-डोळे स्वच्छ आहेत, खेळतं, पडद्यावर चढतं.

खाणं: सकाळी दूध-पोळी, दुपारी दूध-भात, संध्याकाळी पुन्हा दूध. घर शाकाहारी आहे, सासूबाईंच्या ओट्यावर अंडंसुद्धा येत नाही. समोरच्या काकू कधी बांगड्याचं डोकं आणून देतात, त्या दिवशी साहेब खूश. कोणी म्हणतं तूप घाल, कोणी म्हणतं सेरेलॅक दे. नवरा म्हणतो जास्त खायला घाल, होईल गुबगुबीत. पण अजून किती घालू? पोट फुटेल असं वाटतं.

गवतीचहा

दूध आजच बंद करा. गाई-म्हशीच्या दुधातली साखर बहुतेक मांजरांना पचत नाही, ती आतड्यात आंबते आणि जुलाब होतात. जे खातंय त्यातलं निम्मं तुमच्या मातीच्या ट्रेमध्ये जातंय. प्यायला साधं पाणी, दिवसभर भरलेलं.

आणि तीन रंगी असेल तर साहेब नव्हे, बाईसाहेब. तीन रंगाचा बोका हजारांत एखादाच.

कोकणी_बोका

आमच्या गावी सगळी मांजरं दूध-भातावरच वाढली, आणि कुत्र्याला पळवून लावतील अशी दणदणीत होती. हल्ली सगळ्याला पाकिटातलं लागतं. चमचाभर साजूक तूप आणि उकडलेल्या अंड्याचा बलक द्या, पंधरा दिवसांत फरक दिसेल.

लालबाग_चाळ

बोकोबा, तुमच्या गावची मांजरं दूध-भात खाऊन झाल्यावर पडवीत उंदीर मारत होती, सरडे खात होती आणि मासे साफ करणाऱ्या बाईच्या पायाशी बसत होती. भात म्हणजे त्यांचं तोंडी लावणं. पार्ल्याच्या फ्लॅटमधल्या पिल्लाला तो जोडधंदा नाही. बलक उकडून थोडासा ठीक आहे. तूप मात्र जुलाब चालू असताना नको.

ताई, तुमच्या पोस्टमधलं मला खटकलं ते टम्म पोट. अंग हाडकुळं, पोट नगाऱ्याएवढं आणि भूक कधी न संपणारी, हे एकत्र दिसलं की आधी जंतांचा संशय घ्यायचा. गोल जंत पिल्लाला आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे 'घरात कुठून आले' असा प्रश्न पडू देऊ नका. रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पिल्लात असतात. अशा वेळी जास्त खायला घालणं म्हणजे जंतांनाच पोसणं.

तुमच्या नवऱ्याला हे वजनाचं गणित दाखवा. ढोबळ हिशेब असा की साधारण चार महिन्यांपर्यंत पिल्लाचं वजन महिन्याला अर्धा किलोच्या थोडं खाली या वेगाने वाढतं. दोन महिन्यांचं ८००-९०० ग्रॅम, तीन महिन्यांचं सव्वा किलोच्या पुढे. आठवड्याला शंभरेक ग्रॅम चढायला हवेत. तुमचं ६२० म्हणजे मागे आहे, पण खेळतंय आणि खातंय, म्हणजे हातातून गेलेलं नाही.

करायचं असं. ताजी शी छोट्या स्वच्छ डबीत घ्या, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि 'तपासून बघा' असं स्पष्ट सांगा. नुसतं जंताचं औषध लिहून देणारे पुष्कळ भेटतात. पण पातळ आणि वास मारणारी शी असेल तर जंतांबरोबर कॉक्सिडिया किंवा जिआर्डिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी असू शकतात. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात आणि त्यांची औषधं वेगळी. जंताचं औषध वजनावर मोजून देतात, म्हणून मेडिकलमधून अंदाजाने आणून पाजू नका. आणि एका डोसवर थांबायचं नाही. औषधाने आतड्यातले मोठे जंत मरतात, शरीरात फिरणाऱ्या अळ्या राहतात, त्या मागाहून आतड्यात येतात. म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा.

पिसवाही बघा. पांढऱ्या ओल्या कागदावर पिल्लू उभं करून अंग विंचरा. काळे कण पडले आणि त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची शी, म्हणजे पचलेलं रक्त. एवढ्या लहान जिवाला पिसवा रक्तहीन करतात, शिवाय पिसू गिळली की पट्टकृमी होतो. त्याचे तुकडे शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे चिकटलेले दिसतात. फक्त कुत्र्यांची गोचीड-पावडर किंवा थेंब चुकूनही लावू नका. त्यातल्या पर्मेथ्रिनने मांजरं मरतात.

तळमजला_पार्ले

बाप रे, एवढं डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच डबी घेऊन जाते. पण खाण्याचं काय? दूध-पोळी बंद केली तर शाकाहारी काही चालतं का? पनीर, सोयाबीन, डाळ?

खिडकीतली_माऊ

नाही. मांजर शाकाहारी होऊ शकत नाही, इथे वादाला जागा नाही. तिला टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळतं. ते दीर्घकाळ मिळालं नाही तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं.

मीही देशस्थ घरातली आहे, त्यामुळे तुमची अडचण समजते. उपाय म्हणजे पाकिटातलं 'किटन' लिहिलेलं खाणं. मोठ्या मांजरांचं नको. पिल्लाला किलोमागे मोठ्या मांजराच्या दुप्पट-तिप्पट उष्मांक लागतात आणि कॅल्शियमचं प्रमाणही नेमकं असावं लागतं. नुसतं उकडलेलं चिकन रोज देणारेही इथेच फसतात. वजन चढतं, पण हाडं ठिसूळ राहतात. ओलं खाणं छोट्या पाऊचमध्ये मिळतं, एका वेळी संपतं, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायचा प्रश्न येत नाही. तिची वाटी, चमचा, धुण्याचा स्पंज सगळं गॅलरीत वेगळं. माझ्या आईने या अटीवर होकार दिला. आता तीच पाऊच फोडते, नाकाला पदर लावून.

कोरडे दाणे द्यायचे तर सुरुवातीला कोमट पाण्यात भिजवून. पावसाळ्यात दाण्यांचं पाकीट उघडं राहिलं तर मुंबईच्या हवेत चार दिवसांत मऊ पडतं आणि बुरशी धरते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा हवा. दिवसभराचं खाणं पाकिटावरच्या तक्त्याप्रमाणे मोजा आणि चार वेळांत वाटा. भुकेलं पिल्लू पुढ्यात येईल तेवढं खातं, मग उलटी किंवा पुन्हा जुलाब. नवीन खाणं एकदम पूर्ण देऊ नका, पाच-सात दिवसांत हळूहळू वाढवा. बदली म्हणून पोळी-भात मात्र नको. फार तर बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन कुस्करून. कांदा-लसूण मांजरांना विषारी आहेत, म्हणून आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी नको.

बांगड्याचं डोकं बंद करा असं मी म्हणत नाही, पण शिजवून, काटे काढून आणि कधीतरी. सुकट-बोंबील मिठामुळे नकोतच.

सेरेलॅक माणसांच्या बाळांसाठी आहे. धान्य आणि दुधाची पूड. त्यातून तिला हवं ते मिळणार नाही.

तळमजला_पार्ले

सासूबाईंना गॅलरीची अट सांगितली. म्हणाल्या, 'मांजराला मांजराचं खाऊ दे, माझा ओटा सोडून काहीही कर.' एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

प्रभादेवी_जुना

दवाखाना जवळ नसेल किंवा खिशाला जड जात असेल तर परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं नाव, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगा. पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ सालचं, त्याच भागात. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं नवं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं, तेही आहे. पण पार्ल्याहून लोकलच्या गर्दीत ६०० ग्रॅमचं पिल्लू घेऊन यायचं असेल तर पहिली तपासणी घराजवळच करा. रिक्षात टोपली झाकून न्या. उघड्यावर धरलं आणि हॉर्नला बिचकलं तर सिग्नलला उडी मारेल.

खूर_आणि_नख

पशुवैद्यकाच्या पेशातला आहे, म्हणून थोडं सांगतो. वरचे सल्ले योग्य आहेत. पिल्लू न बघता औषधाचं नाव आणि मात्रा सांगणार नाही.

थांबू नये अशा गोष्टी: खाणं पूर्ण सोडलं, वारंवार उलट्या, शीमध्ये रक्त, हिरड्या पांढुरक्या, अंग थंड, झोपून राहणं. लस न झालेल्या पिल्लात यामागे पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य आजार असू शकतो आणि तो एक-दोन दिवसांत जीव घेतो. या वयाचं पिल्लू बारा-चौदा तास खात नसेल तर 'उद्या बघू' म्हणू नका. गार पडलेल्या पिल्लाला जबरदस्तीने भरवू नका, थंड शरीरात अन्न पचत नाही आणि घशातून फुप्फुसात जाऊ शकतं. आधी कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीजवळ ऊब द्या, हिरड्यांना साखरेच्या पाण्याचं बोट लावा आणि निघा. माणसांचं कोणतंही तापाचं औषध नको. पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडाही मांजराला मारतो.

वजन रोज एकाच वेळी, खाण्याआधी करा आणि लिहून ठेवा. डॉक्टरला ती वही फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडते. जंत गेल्यावर आणि नीट खाणं मिळाल्यावरही वजन हललं नाही, तर रक्ततपासणी, ल्यूकेमिया-एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची चाचणी हा पुढचा टप्पा.

आणि तुम्हाला ओरखडे येत असतील, येतच असतील, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीबद्दल पालिकेच्या दवाखान्यात विचारा. पिल्लू लहान आहे म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

तळमजला_पार्ले

धागा वर काढतेय. तपासणीत गोल जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया दोन्ही निघाले. पहिल्या डोसनंतर ट्रेमध्ये जे दिसलं ते वर्णन करत नाही, जेवताना वाचत असाल. दुसरा डोसही झाला. शी बांधीव व्हायला लागली तसं पोटही बसलं. काटा आज ९४० दाखवतोय. मणके अजून लागतात, पण मांड्यांवर मांस आलंय. भूकही माणसात आली, आता वाटीत दोन दाणे उरतात.

मला रेबीजची लस सुरू केली आहे. तिला लस कधी द्यायची? आणि डॉक्टर म्हणाले पुढे नसबंदी करा, एवढ्या नाजूक जिवाला झेपेल?

खूर_आणि_नख

छान. जुलाब थांबलेत, वजन चढतंय, म्हणजे तिहेरी लस (तीन आजारांवरची एकत्र) आता देता येईल. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, साधारण सोळा आठवड्यांची होईपर्यंत, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीज. लसीनंतर दिवसभर मरगळ राहिली तर चालतं, त्यापुढे राहिली तर फोन करा. नसबंदीची घाई नाही, पण पहिला माज यायच्या आत उरकायची. मांजरी चार महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. दोन किलोच्या आसपास गेली की तारीख घ्या.

लालबाग_चाळ

तोवर तळमजल्याच्या खिडक्यांना जाळी लावून घ्या. ९४० ग्रॅमची झाली म्हणजे गजांतून अजून आरामात जाते.