जुन्या विमानाचं वजन: हलकी बॅटरी टाकावी की आधी नीट वजन करावं?

पर्वतीवरून
मित्राचं साठच्या दशकातलं टू सीटर आहे, कापडी पंख, नव्वद घोड्यांचं (हॉर्सपॉवर) सी-९० इंजिन, टेलव्हीलर म्हणजे तिसरं चाक शेपटाखाली. गेल्या आठवड्यात काट्यावर घेतलं तर ४३१ किलो भरलं आणि जुन्या लॉगबुकात लिहिलंय ३९८. ग्रॉस, म्हणजे सगळं धरून उडायला परवानगी असलेलं जास्तीत जास्त वजन, ६१२, ते काय वाढत नसतं. म्हणजे उरले १८१, त्यात ६० लिटर ॲव्हगॅसचे (विमानाचं पेट्रोल) ४३ गेले की दोघांना मिळून १३८, माणशी ६९, आणि मी एकटाच ८४ चा आहे, आता बोला! माझं मत, ती जुनी स्टार्टर-जनरेटर-बॅटरीची धेंडं काढून नवी हलकी टाकावीत. बॅटरी बारा किलोची आहे, लिथियमची अडीचमध्ये येते. स्टार्टर सात-आठ किलोचा, नवा चारेक किलोचा. काय म्हणता?

कोथरूडकर काका
आधी मिसळीबरोबरचा तिसरा पाव सोडा. फुकटात वजन कमी.

पर्वतीवरून
काका, मी सोडीन हो, पण शेजारी बसणाऱ्याचं काय करू?

स्पॅनर १३
खर्च करायच्या आधी एक सांगा, वजन केलंत तेव्हा टाकी रिकामी होती का? आणि शेपूट उचलून लेव्हल केलं होतं की उभं होतं तसंच तीन काट्यांवर चढवलं? शेपूट खाली ठेवून एकूण आकडा बरोबरच येतो पण सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, साफ चुकतो. आणि स्टार्टर-जनरेटर असतात नाकात. सीजीच्या सव्वा मीटर पुढून सात किलो काढले की सीजी दोन सेंटीमीटर मागे गेलाच. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सीजी मर्यादेच्या मागे गेला तर स्पिनमधून (विमान गरगरत खाली येतं तेव्हा) बाहेर येताना देव आठवतो. मी वजन कमी करण्याच्या विरोधात नाही, अंदाजाने पार्ट बदलण्याच्या विरोधात आहे.

पर्वतीवरून
बॅटरी सीटच्या मागे आहे, ती साडेनऊ किलोने हलकी झाली की सीजी पुढे येणार. फिटलं की एकमेकांत!

स्पॅनर १३
फिटतं की नाही ते मोमेंट, म्हणजे प्रत्येक वजन गुणिले त्याचं अंतर, मांडून दाखवा. वर प्रत्येक बदलाला मंजुरी, लॉगबुकात नोंद, नवा वेट शेड्यूल (वजन-सीजीचा कागद). आणि जुन्या जनरेटरचा रेग्युलेटर व्होल्टेज नीट धरत नसेल तर त्यावर लिथियम लावायची माझी तरी हिंमत नाही.

जुनं ते सोनं
नवं काही लावूच नका, काढा! याच सी-९० च्या डॅश ८ या प्रकाराला स्टार्टर-जनरेटरची सोयच नाही, पंखा हाताने फिरवायचा. आपल्या पुष्पक या टू सीटरच्या पिढीतली माणसं अशीच उडली, १९५८ मध्ये एचएएल या सरकारी विमान कंपनीने डिझायनर घाटग्यांच्या हाताखाली ते बनवलं तेव्हा लिथियम कुठे होतं. जुन्या विमानाला नवे दागिने घालायचे आणि वर व्हिंटेज म्हणून मिरवायचं, हे काही पटत नाही बुवा.

स्पॅनर १३
हाताने पंखा फिरवताना बोटं गेलेली माणसं पण त्याच पिढीतली. आणि जनरेटर-बॅटरी काढली तर रेडिओ कशावर चालवणार? लोहगाव विमानतळ एअरफोर्सचा आहे, त्याच्या शेजारी रेडिओशिवाय उडू कोण देणार तुम्हाला?

एप्रिलचा वारा
सगळे किलोवर भांडताय आणि उन्हाचं कोणी बोलत नाही. पुण्याची धावपट्टी १९०० फुटांच्या वर, एप्रिलमध्ये दुपारी ४० डिग्री झालं की डेन्सिटी अल्टिट्यूड साडेपाच हजारांच्या जवळ, हवा जणू तितक्या फुटांवरची असल्यासारखी विरळ, म्हणजे नव्वदातले बारा-चौदा घोडे जमिनीवरच मेले. सकाळी सहाला २२-२३ डिग्री असतं तेव्हा हाच आकडा साडेतीन हजारांच्या आत. बॅटरीवर पैसे घालण्यापेक्षा गजर लावा.

पर्वतीवरून
अहो पण वजन पाच टक्क्यांनी उतरलं तर टेकऑफ रन साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो, ते सकाळी पण आणि दुपारी पण. आणि लवकर उठलं म्हणून ६९ चा ८४ होत नाही.

कोथरूडकर काका
रंग किती वेळा दिलाय ते विचारा मित्राला. आमच्याकडे दाराला जसा थरावर थर चढतो तसं कापडी विमानाचं होतं, जुनं न खरवडता वरून डोप (कापड ताणून धरणारा लेप) आणि रंग. त्यात शेपटीवरचा रंग सीजी मागे ओढतो, ते वेगळंच.

पर्वतीवरून
स्पॅनर, तुमचं ऐकलं. काल टाकी पूर्ण काढली, १५ लिटर निघालं, म्हणजे जवळजवळ ११ किलो आम्ही विमानाच्या नावावर लावत होतो. शेपूट घोडीवर चढवून स्पिरिट लेव्हल लावली. सीटमागचं फोमचं अस्तर ओलं होतं, पावसाळ्यापासूनचं असावं, शिवाय बंद पडलेल्या एडीएफची (दिशा दाखवणारं जुनं रेडिओ यंत्र) वायर आणि अँटेना अजून तशीच. ते सगळं मिळून चार किलो. काका, रंगाचे तीन थर आहेत, नखाने खरवडून बघितले. आता ४१६. बॅटरी मात्र मी बदलणारच.

स्पॅनर १३
मोमेंट?

पर्वतीवरून
मांडतोय हो, शनिवारी आणतो.

एप्रिलचा वारा
शनिवारी सहाला या, दहाला नको.