स्मिथ हे आडनाव: अजिंठ्याचा कॅप्टन, आष्टीचा जनरल आणि बाकीचे असंख्य

प्रश्न (वाटसरू):
नुकतेच अजिंठ्याला जाणे झाले. दहाव्या लेण्यात कॅप्टन जॉन स्मिथ या मद्रास सैन्यातील अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपले नाव कोरून ठेवले आहे, असे मार्गदर्शकाने सांगितले. हा साहेब वाघाच्या शिकारीसाठी त्या दरीत आला होता म्हणे. ते ऐकताच शाळेत वाचलेल्या दुसऱ्या एका स्मिथची आठवण झाली, तो म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग करणारा जनरल स्मिथ. दोघेही त्याच काळातले, दोघेही इंग्रजांच्या लष्करातले आणि दोघेही दख्खनमध्येच वावरणारे. तेव्हा ही एकच व्यक्ती असावी काय? घरी येऊन शोध घेऊ लागलो, तर स्मिथांचा असा काही ढिगारा पुढे आला की मूळ माणूस त्यातच हरवला. या आडनावाचा अर्थ काय आणि ते इतके का पसरले, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ (बखरप्रेमी):
नाही, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पेशवाईच्या इतिहासातील स्मिथ म्हणजे लायोनेल स्मिथ. खडकीच्या लढाईनंतर नोव्हेंबर १८१७ मध्ये याच्याच फौजेने पुणे ताब्यात घेतले आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूरकडच्या आष्टीला बापू गोखले धारातीर्थी पडले, तेव्हा समोर उभा असलेला सेनापतीही हाच होता. साताऱ्याचे छत्रपती त्याच लढाईत इंग्रजांच्या हाती आले. आपल्या पुस्तकांत याची कथा येथेच संपते, परंतु पुढे तो जमैकाचा गव्हर्नर झाला आणि १ ऑगस्ट १८३८ रोजी तेथील गुलामांना संपूर्ण मुक्तता मिळाली ती त्याच्याच कारकिर्दीत. मराठी राज्य बुडवणारा आणि जमैकात मुक्तीचा जाहीरनामा वाचला जात असताना अधिकारपदावर असलेला माणूस एकच, हे मला कळले तेव्हा काही काळ विश्वास बसला नव्हता.

आपल्या अजिंठ्याच्या स्मिथची अडचण निराळीच आहे. त्याने लेण्यावर नाव कोरले खरे (भिंतीवर नावे लिहिण्याची खोड आपल्याच पर्यटकांची, असे समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी), पण ते नाव ‘जॉन स्मिथ’ असल्यामुळे कोरूनही फारसे काही साधले नाही. इंग्रजीत जॉन स्मिथ म्हणजे आपला सोम्यागोम्या. ओळख लपवायची असेल तेव्हा माणसे जे नाव सांगतात, तेच याचे खरे नाव होते.

प्रतिसाद २ (शब्दवेडी):
अर्थाविषयी लिहिते. जुन्या इंग्रजीत ‘स्मिथ’ म्हणजे धातूकाम करणारा कारागीर. केवळ लोहारच नव्हे, म्हणून तर सोनाराला ‘गोल्डस्मिथ’ आणि कुलुपे करणाऱ्याला ‘लॉकस्मिथ’ म्हणतात. ‘स्माइट’, म्हणजे घाव घालणे, या क्रियापदापासून हा शब्द आला अशी समजूत लोकप्रिय आहे, पण भाषाभ्यासक ती मानत नाहीत. इंग्लंडमध्ये बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान आडनावे स्थिर होत गेली, तेव्हा नांगराच्या फाळापासून घोड्याच्या नालापर्यंत सगळ्यासाठी ज्याच्या भट्टीवर जावे लागे असा एक तरी स्मिथ गावोगावी होताच. पुढे मुलगा शिंपी झाला किंवा पाद्री झाला, तरी आडनाव मात्र लोहाराचेच राहिले. आपल्याकडे बारा बलुतेदारांतील लोहाराचा धंदा जातीनेच सांगितला जात असे, त्यामुळे तो आडनावातून सांगण्याची निकड तितकी भासली नसावी, असे माझे मत आहे.

याखेरीज सगळे स्मिथ मूळचे स्मिथ नव्हेत. अमेरिकेत जाऊन वसलेल्या कित्येक जर्मन ‘श्मिट’ कुटुंबांनी आणि आयर्लंडमधील कित्येक ‘मॅकगोवन’ मंडळींनी आपल्या आडनावाचे सरळ भाषांतर करून घेतले, कारण त्या दोन्ही आडनावांमध्येही लोहारच दडलेला आहे. अनेक ओढे एकाच नदीला मिळावेत तसा हा प्रकार झाला, आणि म्हणूनच इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत सर्वाधिक आढळणारे आडनाव आज हेच आहे.

प्रतिसाद ३ (खडकवेडा):
ज्याच्या बाबतीत आडनाव शब्दशः खरे होते, असा एक स्मिथ सांगतो. १८१५ मध्ये इंग्लंड व वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध करणारा विल्यम स्मिथ हा ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल नावाच्या खेड्यातील लोहाराचा मुलगा होता, आणि त्या लोहाराचे नाव होते जॉन स्मिथ! कालव्यांच्या खोदकामावर देखरेख करताना त्याच्या ध्यानात आले की प्रत्येक थरातील जीवाश्म ठरावीक असतात आणि त्यांवरून दूरदूरचे थरही एकमेकांशी जुळवता येतात. भूशास्त्राचा पाया घालणाऱ्या या माणसाला कर्जापायी तुरुंगात जावे लागले ते १८१९ मध्ये, म्हणजे त्याच्या वडिलांचा नामधारी अजिंठ्यात नाव कोरत होता त्याच वर्षी. इतक्या स्मिथांतून त्याला वेगळे ओळखण्यासाठी लोक त्याला ‘स्ट्राटा स्मिथ’, म्हणजे थरांचा स्मिथ, म्हणत. बाजारात मिळणाऱ्या हिरव्या, आंबट ‘ग्रॅनी स्मिथ’ सफरचंदाचेही तेच: सिडनीजवळच्या मारिया अ‍ॅन स्मिथ या आजीबाईंच्या बागेत ते झाड आपोआप उगवले, आणि नुसत्या ‘स्मिथ’ने बोध होईना म्हणून आजीपणच नावाला चिकटले.

प्रतिसाद ४ (वाटसरू):
सर्वांचे आभार, दोन स्मिथांचा गुंता सुटला. एक उपप्रश्न असा की, गोव्यातील ‘फेरेरा’ हे आडनावही लोखंडावरूनच आले आहे असे ऐकतो. मग फेरेरा म्हणजे पोर्तुगीज स्मिथच म्हणायचे का?

प्रतिसाद ५ (मांडवीकाठ):
जवळजवळ, पण अगदी तसे नाही. पोर्तुगीजमध्ये लोहार म्हणजे ‘फेरेइरो’. ‘फेरेरा’ हे स्थळावरून आलेले आडनाव असून जेथे लोखंडाची खाण किंवा भट्टी असे, त्या जागेला ते नाव पडे. म्हणजे स्मिथ हा लोहार, तर फेरेरा हा लोखंडाच्या गावचा. आपल्या ‘-कर’ लावलेल्या आडनावांच्या पंगतीत त्याला बसवावे लागेल. गोव्यातील फेरेरांच्या बाबतीत तर तेही लागू पडत नाही, कारण धर्मांतराच्या वेळी येथील कुटुंबांना पोर्तुगीज आडनावे दिली गेली, ती बहुधा पाद्र्यांची किंवा धर्मपित्यांची असत. तेव्हा एखाद्या गोवेकर फेरेराच्या पूर्वजांनी भट्टी पेटवली होती की भातशेती केली होती, हे त्या आडनावावरून मुळीच सांगता येणार नाही.