आम्लपित्ताची गोळी थांबवून नैसर्गिक उपाय स्वतःवर पारखावेत का?

मूळ मांडणी:
छातीतील जळजळीसाठी ओमेप्राझोलसारखी, पोटातील आम्ल कमी करणारी गोळी महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनी, डॉक्टरांशी बोलून, इतर उपाय पारखून पाहावेत असे माझे मत आहे. मात्र गोळी एकदम बंद करू नये. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात कोणताही त्रास नसलेल्या निरोगी व्यक्तींना याच वर्गातील गोळी ८ आठवडे दिली होती, आणि ती थांबवल्यानंतर त्यांपैकी ४४ टक्के जणांना आम्लाचा त्रास जाणवला. दिखाऊ (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे दडपलेले आम्ल काही काळ उसळते. या काळात सुरू केलेला उपाय विनाकारण नापास होतो, आणि उसळी ओसरताना सुरू केलेला विनाकारण पास होतो. म्हणून मात्रा हळूहळू कमी करावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

प्रतिसाद १ (विरोधी):
पारखायचे कशावर? जळजळ थांबली म्हणजे अन्ननलिकेची इजा थांबली असे नव्हे. ज्यांच्या अन्ननलिकेला गंभीर व्रण आहेत किंवा ज्यांना बॅरेट्स इसोफेगस (आम्लाच्या दीर्घ माऱ्याने अन्ननलिकेचे अस्तर बदलणे) आहे, त्यांनी हा प्रयोग करूच नये. शिवाय पुदिन्याचे तेल जठराच्या तोंडाची झडप सैल करते, ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, खाण्याच्या सोड्यातून भरपूर सोडियम पोटात जाते. ‘नैसर्गिक’ म्हणून यांना सूट कशासाठी द्यायची?

प्रतिसाद २:
आक्षेप योग्य आहे, पण तो बाटलीत मिळणाऱ्या उपायांपुरताच. पलंगाची डोक्याकडील बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे, जेवण आणि झोप यांत किमान ३ तास ठेवणे, वजन जास्त असल्यास ते घटवणे, या उपायांना अभ्यासांचा आधार आहे. (त्यांची जाहिरात कोणी करत नाही, कारण विकण्यासारखे त्यांत काही नाही.) उलट समुद्री शेवाळापासून काढलेले, म्हणजे नैसर्गिकच असलेले अल्जिनेट जळजळीवरचे औषध म्हणूनच विकले जाते.

मूळ लेखक:
व्रण आणि बॅरेट्स असलेल्यांना वगळणे मला मान्य आहे. गिळताना अडकणे, रक्ताची उलटी, काळी शौच होणे किंवा अकारण वजन घटणे, यांपैकी काही असेल तर थेट तपासणीच हवी. परंतु बाकीच्यांनी रोजच्या त्रासाची नोंद ठेवून निर्णय घेण्यात मला गैर दिसत नाही.

प्रतिसाद १:
गोळीपासून सुटका हवी असलेला माणूस ती नोंदही तशीच लिहील. शंका उरली, तर अन्ननलिकेतील आम्लता २४ तास मोजणारी चाचणी उपलब्ध आहे. तिला नोंदवहीपेक्षा मी अधिक मानतो.