तासाभराच्या फ्लाइटला लाउंज कशाला? छोट्या विमानतळावर आधी सगळ्यांचा हॉल नीट करा

उजळाईवाडीकर:
आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय. कोल्हापूरचं नवीन टर्मिनल झालं, मार्च 2024 ला उद्घाटन झालं, तर आता म्हणे तिथं पुण्या-मुंबईसारखं मोठं लाउंज, म्हणजे बसायची-खायची वेगळी खोली पाहिजे, बँकेचं कार्ड दाखवायचं, आत जायचं, बुफे खायचा. मला हे अजिबात पटत नाही म्हणून इथं लिहितोय.

मी वर्षातनं तीन-चारदा कोल्हापूर-हैदराबाद करतो. एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं विमान असतं, 78 सीटा, दोन इकडं दोन तिकडं, मधली सीटच नाही त्यामुळं इकॉनॉमी असली तरी कुणी अडकून बसत नाही. विमान वर चढून सरळ होतंय तोवर खाली यायची घोषणा होते. सिक्युरिटीला रांग छोटी, आणि विमानापर्यंत आपण चालत जातो. एवढ्यासाठी वेगळी काचेची खोली कशाला बांधायची?

छोटी शहरं स्वस्तात विमानानं जोडायची सरकारची उडान योजना आली 2016 ला, तेव्हा सांगितलं काय होतं, तर ज्यानं कधी विमान बघितलं नाही त्यानं बसावं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीटांवर 2500 ची मर्यादा होती ती त्याच्यासाठीच. मग त्या माणसाला टर्मिनलमध्ये काय लागतं ते बघा की. पाठ टेकेल अशी खुर्ची, बाळाच्या दुधाला गरम पाणी, परवडणारा चहा आणि बाहेर पडल्यावर स्टँडपर्यंत महापालिकेची केएमटी बस. कोलकात्याला डिसेंबर 2024 मध्ये उडान यात्री कॅफे काढला, 10 रुपयांत चहा, 10 रुपयांत पाण्याची बाटली, 20 ला समोसा. प्रत्येक छोट्या विमानतळावर आधी हे पाहिजे, लाउंज त्यानंतर कधीतरी.

आणि लाउंज फुकट असतं हा पण गैरसमज आहे. तुम्ही आत गेलात की तुमचे माणशी पैसे बँक लाउंजला भरते. ती ते कुठनं आणते? कार्डाच्या फीमधनं आणि आपल्याच खर्चातनं. आता तर बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत इतका खर्च केला तरच आत सोडू अशी अट घातलीय.

फाउंड्रीवाला:
दादा, तुमचं जाणं घरच्या कामाचं, आमचं धंद्याचं. शिरोलीत माझं युनिट आहे, बाहेरचे कस्टमर कास्टिंग म्हणजे ओतीव सुटे भाग बघायला येतात, त्यांना सोडायला गेलो की फ्लाइटच्या आधीच्या त्या तासात रेट ठरवायचे असतात, ड्रॉइंग उघडून बसायचं असतं आणि शेजारी घोषणा, पोरांची रडारड, प्लगला तीन माणसं चिकटलेली. शांत टेबल मागितलं तर ती काय चैन झाली का? कस्टमरला ये-जा सोयीची वाटली नाही तर तो दुसऱ्या शहरात ऑर्डर देतो, हे मी बघितलंय.

अजून एक. लाउंजची जागा भाड्यानं जाते, दुकानं-जाहिराती-पार्किंगसारखंच ते विमानतळाचं उत्पन्न आहे. तिकडनं पैसा आला नाही तर तिकिटातल्या विमानतळ शुल्कातनंच वसूल होणार, म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही भांडताय त्याच्याच खिशातनं.

गोदाकाठ:
मी नांदेडचा, थोडा हिशोब सांगतो. 27 एप्रिल 2017 ला उडानची पहिली विमानं उडाली त्यात शिमला-दिल्लीच्या बरोबर आमचं नांदेड-हैदराबाद पण होतं, केवढा अभिमान वाटला होता त्या दिवशी. मग मधली काही वर्षं सेवाच बंद पडली आणि 2024 ला परत सुरू झाली. आता सांगा, ज्या विमानतळावर दिवसाला चार-पाच विमानं, प्रत्येकात पन्नास-सत्तर माणसं, त्यातल्या किती जणांकडं ते कार्ड? लाउंजवाल्याला स्वयंपाकी, वेटर, सफाई, भाडं हे रोजचं आहे, विमान आलं काय न आलं काय. त्याचं उत्पन्न माणशी, खर्च मात्र महिन्याचा. रूट बंद झाला की पहिलं कुलूप तिथंच लागणार. फाउंड्रीवाले साहेब, भाड्याचं उत्पन्न म्हणताय ते यायला आधी माणसं पाहिजेत.

संत्रानगरी:
मला वाईट वाटलं वाचून. दोन वर्षांपूर्वी आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिला घेऊन परत येत होते, विमानतळाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, पण छोटं विमानतळ होतं. फ्लाइट आधी चाळीस मिनिटं लेट, मग दीड तास, मग चार तास. दर वेळी थोडंथोडं वाढवत नेलं त्यामुळे बाहेर हॉटेलवर पण जाता आलं नाही. लोखंडी खुर्च्या, मध्ये हातांचे दांडे, पाय वर घ्यायला जागा नाही. तिथे लहानसं लाउंज होतं, माझ्या रूपे कार्डावर 2 रुपये कापून मला आत घेतलं, आईचे पैसे वेगळे भरले. ती सोफ्यावर आडवी झाली तेव्हा कुठे तिचा चेहरा सैल झाला. तुम्ही हॉल सुधारा म्हणता, बरोबर आहे, पण तो सुधारेपर्यंत माझ्या आईने कुठे पडायचं होतं?

उजळाईवाडीकर:
ताई, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत, मीही तेच केलं असतं. पण त्याच हॉलमध्ये अजून कुणाची तरी आई बसली असेल ना, जिच्या पोराकडं कार्ड पण नाही आणि वरचे पैसे पण नाहीत. मी तिच्याबद्दल बोलतोय. आडवं होता येईल अशा चार लांब खुर्च्या टाकायला असा किती खर्च येतो?

त्या दिवशी कंपनीनं खायला काही दिलं का? विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएचा नियम आहे, अडीच तासांपर्यंतची फ्लाइट असेल आणि दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं कंपनीनं द्यायचं. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरी फ्लाइट नाहीतर पूर्ण पैसे परत, यातलं काय पाहिजे ते प्रवाशानं ठरवायचं. चैन नाही ही, हक्क आहे आपला.

संत्रानगरी:
नाही दिलं. तीन तास झाल्यावर एका काकांनी आवाज चढवला तेव्हा बिस्किटाचा पुडा आणि छोटी बाटली आली. हा नियम मला आत्ता कळतोय. काउंटरच्या वर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवला असता तर आम्ही सगळ्यांनीच मागितलं असतं.

गोदाकाठ:
हे सगळ्यात महत्त्वाचं बोललात ताई. बोर्ड लावायला ना टेंडर लागतं ना स्वयंपाकी.

फाउंड्रीवाला:
बोर्ड लावा, लांब खुर्च्या टाका, माझी हरकत असायचं कारणच नाही. पण माझं मत तेच आहे. दोनशे रुपये देऊन शांत बसायची सोय हवी, आणि ती मागितली म्हणून मी गरिबाच्या विरोधात जात नाही.

उजळाईवाडीकर:
नाही जात, मान्य. पण जागा एकच असेल तर ती आधी कुणाला द्यायची एवढाच माझा प्रश्न आहे, आणि मी कार्डवाल्याला देणार नाही.

पहिलीच_वेळ:
मधेच विचारते, पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन एटीआरनं जायचंय, आम्हा दोघींचीही पहिलीच वेळ. घरचा डबा आत नेऊ देतात का?

उजळाईवाडीकर:
देतात, भाकरी-चटणी बिनधास्त न्या. रिकामी बाटली घ्या, आत भरता येते. एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे लहान असतात, त्यामुळं केबिन बॅग बऱ्याचदा जिन्यापाशीच काढून घेऊन सामानात टाकतात. सासूबाईंच्या गोळ्या आणि चष्मा पर्समध्येच ठेवा. व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, एटीआरच्या पायऱ्या चढायच्या असतात.