एथिक्सची तत्त्वं पाठ आहेत, पण केस दिली की गडबडतात

चार तत्त्वं विचारली की पोरं घडाघडा म्हणतात, स्वायत्तता (म्हणजे पेशंटचा निर्णय पेशंटचाच), हित, अपाय टाळणं, न्याय. पण पेशंट शुद्धीत आहे, सगळं समजतंय आणि तरी रक्त चढवायला नाही म्हणतोय, अशी केस दिली की अर्धा वर्ग म्हणतो नातेवाईकांची सही घ्या!! कसं शिकवता तुम्ही?

> मला वाटतं आधी सायन्सच कच्चं असतं. औषधाच्या रँडमाइज्ड ट्रायलमधे (चाचणीत) कुणाला कुठलं औषध हे कोण ठरवतं विचारून बघा, बरेच जण म्हणतील डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. अहो ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, मुद्दामच, त्यालाच रँडमायझेशन म्हणतात. हेच डोक्यात नसेल तर पेशंटला काय डोंबल समजावणार आणि संमती कसली घेणार?

> टस्कगीच्या प्रयोगाची केस घ्या वर्गात. १९३२ ते १९७२, अमेरिकेत सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत बसले, आजार काय तेही धड सांगितलं नाही, मधे पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. आणि न्यूरेंबर्ग कोड (माणसांवरच्या प्रयोगांची नियमावली) तर १९४७ चा, म्हणजे नियम कागदावर होतेच की. पोरांना विचारा, पेनिसिलिन आल्यावर तुम्ही त्या टीममधे असता तर कुणाला जाऊन काय बोलला असता? वर्ग गप्प होतो.

> +१. फक्त मार्क देऊ नका त्या प्रश्नाला, लगेच छापील उत्तरं सुरू होतात.

> हो ना, रँडमायझेशनचा प्रश्न उद्याच विचारते. टस्कगीला मात्र अख्खा तास लागेल.